घाटाचा रस्ता, घोड्यांचा ट्रेलर आणि पाचव्या गिअरचा नट

वाचकाचे पत्र : सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा, गेली अठरा वर्षे कोलोरॅडोत लव्हलँडजवळ राहतो. मुलीच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांसाठी तीन घोड्यांचा ट्रेलर ओढायला मी १९९७ सालचा डॉज रॅम २५०० हा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतला. १२ व्हॉल्व्हचे ५.९ लिटर कमिन्स इंजिन ठणठणीत आहे, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सहा वर्षांत दोनदा गेला. ट्रेलर भरल्यावर काट्यावर ९,५०० पौंड भरतो, मागचे डिफरन्शियल ३.५४ चे आहे, टायर २६५/७५ आर १६ आहेत आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी ग्रँड जंक्शनला जाणे होते. आता मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचे ठरवले आहे. भंगारवाल्याकडे एनव्ही ४५०० आहे, दुसऱ्या एका गृहस्थांकडे एनव्ही ५६०० आहे, आणि मित्र म्हणतो की जुन्याच्या नादी लागू नकोस, नवा जी ५६ घाल. यांतला विश्वासाचा कोणता?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रात ट्रेलरचे वजन, डिफरन्शियलचा रेशो (चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते), टायरचे माप आणि नेहमीचा रस्ता, असे चारही आकडे दिलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या चार आकड्यांशिवाय गिअरबॉक्सबद्दल दिलेला कोणताही सल्ला ऐकीव माहितीवरचा असतो.

आधी तुमच्या ऑटोमॅटिकबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे मॅन्युअलकडे वळण्याचा तुमचा निर्णय घाईचा नव्हता याची खात्री पटेल. १९९६ ते १९९८ या काळात हेच १२ व्हॉल्व्हचे कमिन्स इंजिन कंपनीने दोन वेगवेगळ्या जोरांवर लावून दिले होते : मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या ट्रकला २१५ अश्वशक्ती आणि ४४० फूट-पौंड टॉर्क (फिरवण्याचा जोर), तर ऑटोमॅटिक असलेल्या ट्रकला १८० अश्वशक्ती आणि ४२० फूट-पौंड टॉर्क. इंजिन तेच असताना ऑटोमॅटिकच्या वाट्याला कमी ताकद यावी यातच पुष्कळ काही आले. तुमचा ४७आरई हा गिअरबॉक्स मोकळ्या ट्रकला वाईट नाही, पण साडेनऊ हजार पौंड मागे लावून रॉकीचे घाट चढताना त्याचे तेल तापते आणि क्लच जळतात, आणि हे तुमच्याकडे दोनदा झाले आहे.

आता मूळ प्रश्न. गिअरबॉक्स विश्वासाचा म्हणजे नेमका कसा? बहुतेक लोक मजबुती एवढाच अर्थ घेतात. तुमच्या बाबतीत मजबुतीचा प्रश्न चटकन मिटतो, कारण तुम्ही नावे घेतलेल्या तिन्ही गिअरबॉक्सनी तुमच्या इंजिनाएवढा किंवा त्याहून अधिक जोर कंपनीतून बाहेर पडतानाच पेललेला आहे. एनव्ही ४५०० मागे ४४० आणि पुढे ४६० फूट-पौंडांची इंजिने होती, एनव्ही ५६०० मागे २००१ पासून ५०५ फूट-पौंडांचे इंजिन आले, आणि जी ५६ ने तर पुढच्या काळात ६१० आणि ६६० फूट-पौंडांची इंजिने सांभाळली. तुमच्या ४२० फूट-पौंडांनी यांतला कोणताही धडधाकट गिअरबॉक्स मोडणार नाही. म्हणून निवड दोन वेगळ्या प्रश्नांवर करावी लागते : तुमच्या घाटाला लागणारा गिअर त्यात आहे का, आणि तो बिघडला तर दहा वर्षांनीही त्याचे सामान मिळेल का.

पहिल्या प्रश्नाकडे मी जरा सविस्तर वळतो, कारण खरी गोम इथे आहे. एनव्ही ४५०० हा पाच गिअरचा आहे. त्याचा पहिला गिअर ५.६१ (म्हणजे मागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन ५.६१ वेळा फिरते), दुसरा ३.०४, तिसरा १.६७, चौथा सरळ एकास एक, आणि पाचवा पाऊण पटीच्या किंचित खाली. एनव्ही ५६०० हा सहा गिअरचा. त्याचे पहिला आणि शेवटचा गिअर जवळजवळ असेच आहेत, पण मधली वाटणी वेगळी आहे : ५.६३, ३.३८, २.०४, १.३९, मग एकास एक आणि शेवटी ०.७३. म्हणजे ४५०० मध्ये एकास एकच्या खाली उतरलात की थेट १.६७ वर जाता, आणि ५६०० मध्ये त्या दोहोंच्या मध्ये १.३९ चा एक गिअर हाताशी असतो. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवतही नाही; तुमच्या टायरवर आणि ३.५४ च्या डिफरन्शियलवर ताशी ६५ मैलांना दोन्ही गिअरबॉक्स शेवटच्या गिअरमध्ये इंजिनाला साधारण १,८५० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) ठेवतील. फरक पडतो तो घाटात.

तुमचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. डेन्व्हर सोडून आय-७० वर लागलात की फ्लॉइड हिल, मग आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन, आणि त्यापुढे समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांवरचा आयसेनहॉवर बोगदा. ट्रक आणि ट्रेलर मिळून तुमचे वजन १६,००० पौंडांच्या घरात जाते. एवढे वजन सहा टक्के चढावर ओढायला लागणारी ताकद आणि तुमच्या इंजिनाची १८० अश्वशक्ती यांचा मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला, तेव्हा इंजिन पूर्ण ताकद देत असेल तर ताशी ४४ मैलांच्या आसपास वेग टिकतो असे दिसते. पण तुमचे इंजिन पूर्ण ताकद देते ती २,५०० आरपीएमला. ताशी ४४ मैलांना एनव्ही ४५०० चौथ्या गिअरमध्ये इंजिनाला १,७०० आरपीएमवर ठेवतो, तिथे ताकद अपुरी पडते आणि वेग उतरत जातो. तिसरा टाकावा तर त्याच वेगाला इंजिन २,८०० च्या वर जाईल, जे या इंजिनाच्या इंधनपंपाचा गव्हर्नर (फेऱ्यांना लगाम घालणारा भाग) करू देणार नाही आणि देऊही नये. मग वेग ३८ मैलांपर्यंत उतरू द्यावा लागतो, आणि तिथे तिसरा गिअर २,५०० आरपीएमवर नेटका बसतो. एनव्ही ५६०० मात्र १.३९ च्या गिअरमध्ये ४४ मैलांना २,४०० च्या जरा खाली चालतो आणि तोच वेग धरून ठेवतो.

म्हणजे सहा टक्के चढावर दोन गिअरबॉक्समधला फरक ताशी सहा मैलांचा झाला. बोगद्याजवळच्या सात टक्के चढावर तर तो जवळजवळ संपतो, कारण तिथे तुमचे इंजिन फार तर ४० मैलांचा वेग धरेल आणि ४५०० चा तिसरा गिअरही जवळपास तिथेच बसतो. हे सहा मैल तुमच्यासाठी किती मोलाचे आहेत हे तुम्ही ठरवायचे. रोज मालवाहतूक करणाऱ्याला मी वेगळे उत्तर दिले असते. महिन्यातून एकदा, मागे उभे असलेले तीन घोडे सांभाळत, उजवीकडच्या संथ लेनमधून जाणाऱ्या माणसाला ताशी ३८ मैलांनी चढण्यात काही गैर वाटू नये. इंजिनाचा पंप पुढे २१५ अश्वशक्तीच्या बेताने लावून घेण्याचा विचार असेल, तर मात्र हे गणित एनव्ही ५६०० च्या बाजूने झुकते, हेही सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न सामानाचा. इथे एनव्ही ४५०० चे पारडे स्पष्टपणे जड आहे. क्रायस्लर आणि जनरल मोटर्स यांनी १९९० साली मिळून उभ्या केलेल्या न्यू व्हेंचर गिअर या कंपनीचा हा गिअरबॉक्स दोन्ही घराण्यांच्या ट्रकमध्ये बरीच वर्षे बसत होता, त्यामुळे त्याची बेअरिंग, सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या), शाफ्ट आणि सीलचे संच आजही सहज मिळतात, आणि तो उघडून पुन्हा बांधणारे कारागीर गावोगावी आहेत. एनव्ही ५६०० हा गिअरबॉक्स म्हणून मला अधिक आवडतो. साडेतीनशे पौंडांहून जड असे त्याचे बिडाचे धूड आहे आणि गिअर बदलताना हाताला मिळणारा भरवसा वेगळाच असतो. पण तो फक्त काही वर्षेच डॉजमध्ये बसला, त्याचे अनेक सुटे भाग बनणे बंद झाले, आणि आज एखादी सिंक्रो रिंग किंवा गिअर खराब निघाला तर दुसरा मेलेला गिअरबॉक्स शोधून त्यातून तो काढावा लागतो. समोरच्या गृहस्थांकडचा ५६०० अलीकडेच कोणी जाणत्याने उघडून बांधलेला असेल, बिलासकट, तर मोह होणे साहजिक आहे. तसे नसेल तर हात आखडता घ्या.

जी ५६ बद्दल थोडक्यात सांगतो. मर्सिडीज-बेंझने बनवलेला, अॅल्युमिनियमच्या खोक्याचा हा सहा गिअरचा गिअरबॉक्स २००५ पासून २०१८ पर्यंत रॅमच्या डिझेल ट्रकमध्ये होता. २०१८ नंतर रॅमनेही हेवी ड्यूटी ट्रकमधला मॅन्युअल बंद केला, त्यामुळे तुमच्या मित्राचे ‘नवा’ हे म्हणणे वयाच्या दृष्टीने खरे आहे. पण त्याच्यासोबत ड्युअल-मास फ्लायव्हील (धक्के शोषणारे, दोन भागांचे जड चाक) येते, जे बहुतेकांना पुढे बदलावे लागते. त्याच्या मागे वेगळी ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा खोका) बसते, म्हणजे तुमच्या ट्रकमधली चालणार नाही. आणि हा सगळा जोडकामाचा खर्च तुमच्या १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला मुळीच लागत नसलेल्या ताकदीसाठी होणार. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या ट्रकमधले झेडएफ गिअरबॉक्स चांगले आहेत, पण ते त्यांच्या घरीच शोभतात. आणि कोणी १९८९ ते १९९३ च्या डॉजमधला गेट्राग गिअरबॉक्स स्वस्तात देऊ केला, तर तो फुकटही घेऊ नका.

तेव्हा माझे उत्तर : एनव्ही ४५००, पण जसाच्या तसा उचलून आणलेला नव्हे.

त्याचा एक जन्मजात दोष आहे आणि तो दुरुस्त केल्याशिवाय मी तो तुमच्या ट्रेलरच्या पुढे लावू देणार नाही. या गिअरबॉक्सचा पाचवा गिअर मुख्य खोक्याच्या मागे, शेपटाच्या भागात, मेनशाफ्टच्या स्प्लाइनवर (शाफ्टवर लांबीने कापलेल्या दातांवर) बसतो आणि मागून एक मोठा नट त्याला दाबून धरतो. डिझेल इंजिनाचा प्रत्येक धक्का शाफ्टमधून इथवर येतो. मूळ शाफ्टवर स्प्लाइन पूर्ण लांबीभर कापलेली नव्हती, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी गिअर आपल्या जागेवर किंचित हलू लागतो, नट सैल होत मागे सरकतो, आणि एक दिवस पाचवा गिअर नाहीसा होतो. कमी आरपीएमवर, जड ट्रेलर मागे असताना पाचव्या गिअरमध्ये इंजिनाला दाबून ओढायला लावले की हे लवकर घडते. बाकीचे चार गिअर शाबूत असतात, म्हणून माणूस चौथ्यात घरी पोहोचतो आणि गिअर काढताना काहीतरी चुकले असेल असे त्याला वाटते. मी स्वतः असा एक गिअरबॉक्स उघडला होता. नट बोटांनी फिरत होता, आणि शाफ्टवरचे दात झिजून अशी धार आली होती की अंगठा फिरवला तर कापावा. यावर खात्रीचा उपाय आहे : पूर्ण लांबीची स्प्लाइन असलेला नवा मेनशाफ्ट, नवा पाचवा गिअर आणि सुटणार नाही असा कुलुपी नट. गिअरबॉक्स बांधताना हे करून घ्या आणि बिलावर तसे लिहून घ्या.

भंगारवाल्याकडे जाताना टॉर्च, चुंबक आणि एक रिकामे भांडे बरोबर न्या. आधी तेल काढायला सांगा. तेलात सोनेरी चकाकी थोडी असणे हे सिंक्रोंच्या वयाचे लक्षण आहे, पण चुंबकाला पोलादाची टोकदार कपची चिकटली तर कोणता तरी दात गेला आहे असे समजा. मग खोक्याच्या बाजूचे पीटीओचे (बाहेरचे यंत्र चालवायला ताकद काढून घेण्याच्या जागेचे) झाकण उघडायला लावा. गिअरबॉक्स न उकलता आत पाहण्याची ही खिडकी आहे. टॉर्च आत धरून, हाताने शाफ्ट फिरवत, एकेका दाताची कड पाहा. तिसऱ्या गिअरला अधिक वेळ द्या, कारण ओझे ओढणाऱ्याने घाटात सर्वांत जास्त वापरलेला गिअर तोच असतो. पुढचा शाफ्ट धरून वर-खाली हलवून पाहा. शेवटी मागच्या शाफ्टवरच्या स्प्लाइनचे दात मोजा : डॉजच्या डिझेल फोर-व्हील-ड्राइव्हला २९ दात असतात. ३२ दात मोजलेत तर तो जनरल मोटर्सच्या ट्रकमधला आहे, आणि त्याचे पुढचे व मागचे जोड तुमच्या गाडीला बसणार नाहीत. विकणाऱ्याला हे माहीत असेलच असे नाही, म्हणून स्वतः मोजा. तुमच्या ट्रान्स्फर केसच्या पुढच्या शाफ्टचे दातही त्याच दिवशी मोजून ठेवा. ते २९ नसतील तर तो शाफ्ट बदलावा लागेल.

जोडकामाचा अंदाज घेताना लोक गिअरबॉक्सची किंमत धरतात आणि बाकीचे विसरतात. क्लचचे पेडल, मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्रॉस मेंबर, गिअरचा दांडा आणि त्याभोवतीचे फ्लोअर, शिवाय प्रॉपेलर शाफ्टची लांबी, एवढे सगळे बदलते. म्हणून तुमच्याच पिढीचा, म्हणजे १९९४ ते १९९८ मधला, अपघातात गेलेला एखादा मॅन्युअल डिझेल ट्रक अख्खा मिळत असेल तर तो घेणे सुट्या सामानापेक्षा स्वस्त पडते. तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे : १२ व्हॉल्व्हच्या कमिन्सचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक आहे, त्यामुळे गिअरबॉक्स कोणता आहे याच्याशी इंजिनाला देणेघेणे नसते. स्टार्टरचा न्यूट्रल स्विच क्लचच्या पेडलावर न्यायचा, रिव्हर्सच्या दिव्याची तार जोडायची, आणि क्रूझ कंट्रोल हवा असेल तर मॅन्युअल ट्रकचा संगणक बसवायचा.

क्लचमध्ये काटकसर करू नका. तुमच्या जोराला चांगल्या प्रतीची एक ऑर्गॅनिक प्लेट पुरते. स्पर्धेच्या गाड्यांचे दुहेरी प्लेटचे क्लच अचानक पकडतात, आणि मागे चार पायांवर तोल सांभाळत उभ्या असलेल्या घोड्याला तो हिसका बसतो. पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीच घाला. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपुढे त्यांची किंमत काहीच नाही.

आणि तेल. एनव्ही ४५०० ला ७५डब्ल्यू-८५ चे, जीएल-४ प्रतीचे सिंथेटिक तेलच लागते, साधारण चार क्वार्ट. अनेक गॅरेजांत ड्रममधले डिफरन्शियलचे जीएल-५ तेल सरसकट सगळीकडे भरतात. माझ्याच एका ट्रकमध्ये, मी बाहेरगावी असताना, एका गॅरेजने तसे भरून दिले होते आणि थंडीच्या सकाळी दुसरा गिअर दोन-दोन मैल पडेना. तेल बदलल्यावर त्रास कमी झाला, पण सिंक्रोंचे जे नुकसान व्हायचे ते झालेच होते. म्हणून तेल स्वतः विकत घेऊन कारागिराच्या हातात द्या.

मॅन्युअल बसल्यावर तुम्हाला सर्वांत मोठा फायदा चढावर नव्हे, उतारावर दिसेल. माझी उमेदवारी साताऱ्याला मालट्रकच्या गॅरेजात झाली, आणि खंबाटकी घाट उतरताना आमचे उस्ताद एकच गोष्ट बजावत : ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांचा जो लांब उतार लागतो, तिथे बोगद्यातच तिसरा गिअर टाकून ठेवा. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) सुटला की इंजिनाचा रोध निम्मा वाया जातो. मॅन्युअलमध्ये तो थेट चाकांपर्यंत पोहोचतो. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून गाडी मंदावणारा) बसवणार असाल, आणि मी तो बसवाच असे म्हणेन, तर आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ६० पौंडांच्या घाला, कारण मूळ स्प्रिंगा मऊ आहेत आणि मागून येणाऱ्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहत नाहीत. ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक याशिवाय नीट चालू असलेच पाहिजेत. आणि १६,००० पौंड हे एकत्रित वजन तुमच्या ट्रकच्या परवानगीच्या मर्यादेत बसते का, हे गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. गिअरबॉक्स बदलल्याने ती मर्यादा कागदावर वाढत नाही.

काम झाल्यावर पहिले ५०० मैल ट्रेलर न लावता, शक्यतो गावातल्या गावात, वरचेवर गिअर बदलत चालवा, म्हणजे क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर नीट बसेल. मग तेल काढून चुंबक फिरवून पाहा आणि नवे भरा. पहिल्या फेरीला घोडे न चढवता रिकामा ट्रेलर घेऊन फ्लॉइड हिलपर्यंत जाऊन या, आणि पाचव्या गिअरमध्ये आरपीएम १,६०० च्या खाली जाऊ लागला की लगेच चौथा टाकण्याची सवय हाताला त्याच दिवशी लावून घ्या.